दुधातलं फ्लोराइड आणि मुलांचे दात

गाईचं असो वा म्हशीचं, दुधात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. आईच्या दुधातही ते नगण्यच. त्यामुळे ‘आमचं बाळ भरपूर दूध पितं, त्याचे दात किडणार नाहीत’ ही समजूत कृपा करून सोडून द्या. दुधातल्या कॅल्शियमने दात घडतात; किडीपासून त्यांना वाचवायला फ्लोराइड लागतं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून शाळेतल्या ‘फ्लोराइडच्या दुधा’बद्दल ऐकून पालक विचारतात, आपल्याकडे ते मिळेल का? दुधात फ्लोराइड मिसळण्याची ही कल्पना १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर इथल्या झिग्लर या बालरोगतज्ज्ञांनी मांडली. पुढे बल्गेरिया, चिली, थायलंडमध्ये आणि इंग्लंडमधल्या काही शाळांत तसे कार्यक्रम सुरू झाले. तिथे मुलाला रोज दुधाचा छोटा पुडा मिळतो, त्यात साधारण अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड. त्याचा उपयोग असा: दाताच्या कवचातले क्षार आम्लाने झिजतात आणि लाळेतून परत भरून निघतात. लाळेत थोडं फ्लोराइड असलं, की हे भरून निघणं जोमाने होतं आणि नवा थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. मात्र फ्लोराइडचा हा स्पर्श रोज व्हावा लागतो. शाळेला सुट्टी लागली की दूधही बंद, ही या योजनेची मोठी उणीव. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५च्या कॉक्रेन आढाव्यातही निकषांत बसणारा एकच अभ्यास सापडला. त्यात फायदा दिसला, पण पुरावा कच्चाच.

आपल्याकडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं, तर पक्क्या दातांवर चट्टे आणि तपकिरी डाग दिसू शकतात. प्रमाण फारच जास्त असेल, तर पुढे हाडं आणि सांधेही आखडू शकतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून पाणी तपासून घेतल्याशिवाय फ्लोराइडचं दूध, गोळ्या किंवा थेंब मुलाला देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

ज्यांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त नाही, त्यांच्यासाठी फ्लोराइडची टूथपेस्ट पुरेशी आहे. पहिला दात आला की सुरुवात करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश तुमच्याच हातात असू द्या. थुंकायला शिकवा, पण नंतर खळखळून चुळा भरायला लावू नका. पेस्टचा अंश दातांवर राहायला हवा.

रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र आजच थांबवा. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. त्यात साखर घातलेली असेल तर नुकसान आणखी झपाट्याने होतं. महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ हलकेच उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. त्याच आठवड्यात दंतवैद्यांकडे जा. या टप्प्यावर फ्लोराइडचं वार्निश लावून दात बहुतेकदा सावरतो. खड्डा पडल्यावर तो भरून घेण्यावाचून सहसा इलाज उरत नाही.