आधी स्पीकर हलव

अगं, नवा अ‍ॅम्प घ्यायचा विषय सध्या बाजूला ठेव. एक स्पीकर तू शोकेसच्या डोक्यावर चढवलायस, दुसरा खिडकीत फुलदाणीमागे. त्यांनी गावं तरी कसं? दोन्ही खाली उतरव, त्याला पैसा लागत नाही.

दोन स्पीकर आणि तुझी खुर्ची, तिन्हींत सारखं अंतर हवं. तुमच्या हॉलमध्ये ६-७ फूट पुष्कळ झालं. टेप लावून मोज, नुसत्या नजरेवर जाऊ नकोस. वरचा छोटा ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. बारीक आवाज फार पसरत नाहीत. डोक्यावरून गेले की तानपुऱ्याची जवारीच हरवते. तोंडं किंचित आत, तुझ्याकडे वळव.

खरी मेहनत भिंतीची आहे. कोपऱ्यात कोंबलेल्या स्पीकरमधून डग्गा नुसता घुमतो, बोल कळत नाहीत. खालचे सूर स्पीकरच्या मागेही जातात, भिंतीवर आपटून परततात आणि पुढच्या सुराला कुठे जोर देतात, कुठे मारतात. भिंत ८५ सेंटीमीटरवर असली तर १०० हर्ट्झच्या आसपासचा सूर पडतो. म्हणून तबल्याची रेकॉर्ड लाव, तू खुर्चीत बस आणि दादाला स्पीकर वीत-वीत सरकवायला सांग. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड स्वच्छ ऐकू आली की थांबा. फरशीवर खडूने खूण करा, केर काढताना तो हलणारच.

ती फरशीही गुळगुळीत, भिंती उघड्या. टाळी वाजवून बघ, कशी टणटणते! मध्ये जाड सतरंजी घाल. मग दादाला बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून सरकवायला लाव. तुला बसल्या जागेवरून जिथे ट्विटर दिसेल, तिथूनच आवाज उसळून तुझ्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा ठेव. अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस. उपयोग जवळपास शून्य, आणि तुझी आई मला बोलेल ते वेगळंच.

वायरीला हात लावण्याआधी अ‍ॅम्प बंद. महागड्या वायरीचं दुकानदार काहीही सांगो, साधी जाड तांब्याची चालते. लालला लाल, काळ्याला काळी, एवढं मात्र दोन्हीकडे तपास. एकीकडे उलट लागली की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस गळतो. खात्रीसाठी १९५०च्या आसपासची एखादी मोनो रेकॉर्ड लाव. तिच्यात डावं-उजवं नसतंच, त्यामुळे गाणारा दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा राहिला पाहिजे. आवाज सगळीकडे भरकटला, तर वायर उलटी आहे.

टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर ठेवू नकोस. हादरे सुईत जातात, सुईतून पुन्हा स्पीकरात, आणि मग घुंऽऽ सुरू. रेकॉर्ड फिरत नसतानाही बारीक गुणगुण येत असेल, तर टर्नटेबलची अर्थिंगची वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट बसलीय का बघ. बहुधा तीच सुटलेली असते.