ब्रोकोलीच हवी असं नाही

आईबाबांनो, फ्लॉवरची भाजी पाहून मूल नाक मुरडतं, तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी एकदा कढईचा वास घ्या. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली आणि नवलकोल ही एकाच वनस्पतीची रूपं. त्यांच्यात गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि भाजी जास्त वेळ शिजली की त्यांचा उग्र वास सुटतो. शिवाय कडवटपणा मुलांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. म्हणजे पुष्कळदा मुलाचं भांडण भाजीशी नसतं, तिचा गाळ करण्याशी असतं.

म्हणून या भाज्या कुकरमध्ये घालू नका. बेताचे तुरे काढून ४-५ मिनिटं वाफवा आणि दांड्यात सुरी किंचित अडत असतानाच उतरवा. मग हिंग-मोहरीच्या फोडणीत मोठ्या आचेवर परता. क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, तेव्हा वाफवताना खाली उरलेलं पाणी वरणात घाला.

फ्लॉवरचा गड्डा घट्ट, डाग नसलेला आणि हाताला जड लागणारा घ्या. ब्रोकोलीच्या कळ्या गर्द हिरव्या आणि मिटलेल्या हव्यात. पिवळेपणा दिसला की ती जून झाली समजा. अळ्यांची शंका असेल तर तुरे १० मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा. ब्रोकोलीचा दांडा फेकू नका. वरची साल काढली की आतला गर गोडसर लागतो.

एखाद्या पाककृतीत ब्रोकोली लिहिली आहे म्हणून महागडा गड्डा आणायलाच हवा असं नाही. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत साधारण ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. फ्लॉवरमध्ये ते निम्म्याच्या आसपास भरतं, तरी लहान मुलासाठी तेही पुष्कळ. सूप किंवा पास्त्यात फ्लॉवर घाला, हिरवा रंग हवा तर मूठभर मटार. कोशिंबिरीला किसलेला नवलकोल आणि दही, तर पराठ्याला आणि वड्यांना आपला कोबी.

नवी चव रुळायला मुलांना ती ८-१० वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते. ताटात एकच तुरा वाढा. नाही खाल्ला तर रागावू नका आणि चॉकलेटची लाचही देऊ नका, कारण त्याने भाजी ही शिक्षा ठरते. फक्त तीच भाजी तुमच्याही ताटात असू द्या आणि ती आवडीने खा.