हुदैबियाचा धडा : राजकीय मतभेदात बोलावे कसे?



निवडणूक संपते. मतदान यंत्रे गोदामात परत जातात, चौकातील फलक उतरवले जातात आणि उमेदवार एकमेकांच्या घरच्या लग्नांत शेजारी बसून जेवतात. परंतु त्यांच्यासाठी भांडलेल्या दोन सख्ख्या भावांमधील अबोला मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो. नमाजच्या एकाच सफमध्ये उभे राहूनही सलाम फिरवल्यावर नजर चुकवणारी माणसे प्रत्येक इमामाने पाहिली आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुस्लिमाला आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा अधिक काळ संबंध तोडून राहण्याची मुभा दिलेली नाही आणि दोघांपैकी जो आधी सलाम करील त्याला उत्तम ठरवले आहे. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्यापैकी किती घरांत हे तीन दिवस तीन वर्षांचे झाले आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

प्रथम माझाच हिशेब मांडतो. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीच्या काळात मोहल्ल्याच्या बैठकीत मी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना सर्वांसमक्ष स्वार्थी म्हणालो. ज्या उमेदवाराला मी समाजासाठी घातक समजत होतो, त्याचा प्रचार ते करीत होते. दुसऱ्या दिवसापासून ते फजरला आमच्या मशिदीत दिसेनासे झाले. महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "मौलाना, माझ्या विधवा मुलीच्या पेन्शनचे कागद चार वर्षे अडले होते. त्या माणसाने ते करून दिले. तुम्ही मला विचारले असते, तर मी सांगितले असते." त्यांचा निर्णय मला आजही पटलेला नाही. परंतु मी विचारले नव्हते, हे खरे होते. अपमान सर्वांसमोर केला होता, म्हणून माफीही मी सर्वांसमोरच मागितली. त्या दिवसानंतर हुदैबियाचा प्रसंग मी नव्या दृष्टीने वाचू लागलो.

हुदैबियाच्या मैदानावर

हिजरी ६ मधील जिलकदा महिना, म्हणजे इ.स. ६२८. प्रेषित (स.) सुमारे चौदाशे सहाबांसह उमऱ्यासाठी मदीनेहून निघाले. अंगावर इहराम होते, सोबत कुर्बानीचे उंट होते. युद्धाचा हेतू नव्हता. तरीही कुरैशांनी मक्केचा मार्ग रोखला आणि काफिला मक्केजवळ हुदैबिया येथे थांबला. बद्र, उहुद आणि खंदक या तिन्ही लढाया मागील चार-पाच वर्षांतच झाल्या होत्या. दोन्हीकडच्या घरांत मृतांच्या आठवणी ताज्या होत्या. आपल्या आजच्या कोणत्याही राजकीय वैरापेक्षा ते वैर मोठे होते.

अशा वेळी खुजाआ टोळीचे बुदैल बिन वरका भेटीस आले. त्यांच्यासमोर प्रेषित (स.) यांनी कुरैशांच्या अपराधांची यादी वाचली नाही. आम्ही लढण्यासाठी आलेलो नाही, असे स्पष्ट करून त्यांनी कुरैशांच्या स्थितीचा उल्लेख केला: युद्धांनी त्यांना थकवले आहे, त्यांची हानी झाली आहे, त्यांची इच्छा असेल तर काही मुदतीसाठी तह करू. प्रतिपक्षाचे दुःख मध्यस्थासमोर मान्य करणे, हे या वाटाघाटींचे पहिले पाऊल होते. त्याच वेळी, त्यांनी नकारच दिला तर आपण आपल्या कार्यापासून हटणार नाही, हेही आपण (स.) यांनी लपवले नाही.

पुढे कुरैशांच्या बाजूने हुलैस बिन अल्कमा आले. ते अहाबीश या मित्रटोळ्यांचे सरदार होते. त्यांना दुरून येताना पाहून प्रेषित (स.) यांनी सहाबांना सांगितले की, हा मनुष्य कुर्बानीच्या जनावरांचा आदर राखणाऱ्या लोकांपैकी आहे; तेव्हा उंट त्याच्या दृष्टीस पडतील असे पुढे आणा. गळ्यात कुर्बानीच्या खुणेचे हार असलेले उंट समोर आले, सहाबांनी लब्बैकचा उच्चार करीत स्वागत केले. इब्ने इसहाक यांच्या कथनानुसार हुलैस तेवढे पाहूनच परत फिरले. या लोकांना काबागृहापासून रोखणे योग्य नाही, असे त्यांनी कुरैशांना सांगितले. कुरैशांनी त्यांना अडाणी बदू म्हणून हिणवले, तेव्हा संतापून त्यांनी बजावले की, अल्लाहच्या घराचा सन्मान करण्यास आलेल्यांना अडवण्यासाठी आम्ही तुमच्याशी करार केलेला नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. हुलैस मुस्लिम नव्हते. ते शत्रूच्या छावणीतून आले होते. तरीही प्रेषित (स.) यांनी प्रथम त्यांच्या मनात काय पवित्र आहे ते ओळखले आणि तेच त्यांच्यासमोर ठेवले. त्यात कसलीही बनवाबनवी नव्हती. उंट खरोखर कुर्बानीचे होते आणि हेतू खरोखर उमऱ्याचा होता. सत्य तेच होते, मात्र ते समोरच्याला दिसेल अशा ठिकाणी उभे केले गेले. उलट, कुरैशांनी आपल्याच मित्राला एका अपमानकारक शब्दाने दुखावले.

शब्द सोडले, सत्य सोडले नाही

शेवटी सुहैल बिन अम्र तह लिहिण्यासाठी आले. आरंभी 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' लिहिण्यास त्यांनी हरकत घेतली. तेव्हा जुन्या प्रथेप्रमाणे 'बिस्मिका अल्लाहुम्मा' लिहिले गेले. 'मुहम्मद रसूलुल्लाह' या शब्दांवरही ते अडले. आम्ही तुम्हाला प्रेषित मानत असतो तर अडवलेच नसते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेषित (स.) यांनी 'मुहम्मद बिन अब्दुल्लाह' असे लिहिण्यास सांगितले, मात्र तुम्ही नाकारले तरी मी अल्लाहचा प्रेषितच आहे, हेही तेथेच स्पष्ट केले. हजरत अली (रजि.) यांच्या हातून ते शब्द पुसवेनात, तेव्हा आपण (स.) यांनी ते स्वतः पुसले.

या तहाची किंमत मोठी होती, हे विसरून चालणार नाही. सुहैल यांचेच पुत्र अबू जंदल (रजि.) इस्लाम स्वीकारल्यामुळे कैदेत होते. ते बेड्यांसह तेथे येऊन पोहोचले आणि तहाच्या अटीनुसार त्यांना परत द्यावे लागले. अल्लाह तुझ्यासाठी मार्ग काढील, असा धीर प्रेषित (स.) यांनी त्यांना दिला. हजरत उमर (रजि.) यांचे मन इतके अस्वस्थ झाले की, आपण सत्यावर असताना हा कमीपणा का घ्यायचा, असा प्रश्न त्यांनी थेट विचारला. प्रेषित (स.) त्यांच्यावर रागावले नाहीत, त्यांना उत्तर दिले. आपल्याच बाजूच्या माणसाचा संतापही ऐकून घ्यावा लागतो, हा या प्रसंगातील फारसा न सांगितला जाणारा धडा आहे.

तह झाल्यावर कुर्बानी करून केस उतरवण्याचा आदेश तीनदा दिला गेला, तरी दुःखाने सुन्न झालेले सहाबा उठले नाहीत. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी त्या मौनामागील वेदना ओळखली. कोणाशी काही न बोलता आपण स्वतः कुर्बानी करावी आणि केस उतरवावेत, असा सल्ला त्यांनी दिला. तसे होताच सर्वजण उठले. ज्यांना अवज्ञा दिसली असती तेथे त्या माउलीला दुःख दिसले.

परतीच्या वाटेवर सूरह फतह अवतरली आणि अल्लाहने या तहाला उघड विजय म्हटले. शांततेच्या काळात लोक निर्भयपणे एकमेकांना भेटू-बोलू लागले. हुदैबियाला चौदाशे असलेला समुदाय दोनच वर्षांनी मक्काविजयाच्या वेळी दहा हजारांचा झाला होता. सुहैल बिन अम्र यांनीही पुढे इस्लाम स्वीकारला आणि प्रेषित (स.) यांच्या निधनानंतर डळमळू लागलेल्या मक्कावासियांना त्यांनीच स्थिर राखले. तहाच्या दिवशी त्यांचा अपमान झाला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा.

आपल्या घरात, आपल्या गल्लीत

आधुनिक काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४-२०१५) यांनी 'अहिंसक संवाद' नावाची पद्धत मांडली. 'अहिंसा' हा शब्द त्यांनी गांधीजींच्या अर्थाने वापरला. तिच्या चार पायऱ्या आहेत: निवाडा न देता जे घडले ते सांगणे, आपली भावना सांगणे, त्यामागची गरज सांगणे आणि शेवटी स्पष्ट विनंती करणे. कुरआनचा वाचक या पायऱ्यांवर परका राहत नाही. सूरह हुजुरात बातमीची खातरजमा करण्यास सांगते, टिंगल व टोपणनावे वर्ज्य करते, संशय आणि पाठीमागील निंदा यांपासून रोखते. सूरह ताहामध्ये तर हजरत मूसा आणि हारून (अलै.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाशीही मृदू बोलण्याचा आदेश आहे. आपला चुलतभाऊ फिरऔनपेक्षा वाईट नाही आणि आपण मूसा (अलै.) यांच्यापेक्षा मोठे नाही.

एक उदाहरण घ्या. थोरला भाऊ एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसला. धाकटा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितो, "तुम्ही विकले गेलात." येथे संवाद संपला. त्याऐवजी तो घरी जाऊन असे म्हणू शकतो: "भाईजान, काल तुम्हाला त्या सभेत पाहिले. मला काळजी वाटली, कारण त्या पक्षाच्या काही भूमिकांमुळे आपल्या मुलांना सुरक्षित वाटेल का, हा प्रश्न मला छळतो. तुमचे कारण मला समजून घ्यायचे आहे. इशानंतर थोडा वेळ बसाल का?" यात विरोध एका कणानेही कमी झालेला नाही. मात्र भावाला उत्तर देण्यासाठी जागा उरली आहे. आणि तो बोलू लागला, की उत्तर देण्याआधी त्याचेच म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगून, मी बरोबर समजलो का, असे विचारावे.

हीच रीत इतर धर्मीय शेजाऱ्याशीही पाळावी. त्याच्या मतामागे कांद्याच्या भावाची चिंता असेल, मुलाच्या नोकरीची असेल, कोणीतरी भरवलेली भीतीही असेल. त्याला काय प्रिय आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. हुलैस यांना काय दाखवावे हे प्रेषित (स.) यांना ठाऊक होते, कारण त्या लोकांची ओळख त्यांनी ठेवली होती. आपण शेजाऱ्याची ओळख ठेवली आहे का?

यावर कोणी म्हणेल की, अन्याय सोसून गोड बोलत राहायचे काय? नाही. जुलमी सत्ताधीशासमोर न्यायाची गोष्ट बोलणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, असे हदीसमध्ये आले आहे. हक्कासाठी अर्ज करावा, न्यायालयात जावे, मतदान करावे, खोट्याला खोटे म्हणावे. सूरह माइदा केवळ एवढी अट घालते की, कोणा लोकांविषयीच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. समोरच्याचे दुःख समजणे म्हणजे त्याचे मत मान्य करणे नव्हे. हुदैबियात एकाही श्रद्धेचा सौदा झाला नाही.

या महिन्यासाठी एकच काम ठरवावे. राजकारणावरून ज्याच्याशी बोलणे तुटले आहे असे एक नाव आठवावे, त्याच्या घरी जावे, सलाम आधी करावा आणि पहिल्या भेटीत फक्त ऐकावे. घरातील माता-भगिनींनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची आठवण ठेवून रुसलेल्या दोघांना एका दस्तरखानवर आणावे. लोकांमधील संबंध जुळवण्याचे काम नफल रोजा, नमाज व सदक्यापेक्षाही वरच्या दर्जाचे आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे.

अल्लाह आमच्या जिभेला सत्य आणि मार्दव दोन्ही देवो, आमच्या घरांतील अबोले मिटवो आणि आम्हाला ऐकण्याची शक्ती देवो. आमीन.