तिघांची दोस्ती

मुलांनो, विषाणू म्हटले की तुम्हांला गोवर, सर्दी, कोरोना आठवतात. पण प्रत्येक विषाणू शत्रूच असतो का? चला, पाहू या.

अमेरिकेत यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांच्या आसपासची जमीन खूप तापते. तरीही तिथे एक प्रकारचे गवत उगवते. हे कसे?

या गवताच्या आत, मुळांतही, एक बुरशी राहते. दोघांना वेगळे केले, तर ३८ अंश सेल्सिअसच्या वर एकही वाढत नाही. एकत्र असताना मात्र गवत ६५ अंश तापलेल्या मातीतही टिकते.

२००७ साली शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या बुरशीच्या आत एक विषाणू असतो. त्यांनी तो काढून टाकला. मग बुरशी असूनही गवताला उष्णता सोसेना. विषाणू पुन्हा बुरशीत घातला, तेव्हा गवत पुन्हा तगले. या विषाणूसह तीच बुरशी टोमॅटोच्या रोपांनाही उपयोगी पडली.

म्हणजे गवत, बुरशी आणि विषाणू तिघे मिळून जगतात. मुलांनो, नुसत्या नावावरून कुणाला शत्रू ठरवू नका. आधी पारखून पाहा.

शब्दार्थ
विषाणू – व्हायरस
सोसणे – सहन करणे
तगणे – जिवंत राहणे
पारखणे – नीट तपासणे

स्वाध्याय
१. विषाणू काढून टाकल्यावर काय घडले?
२. शास्त्रज्ञांनी विषाणू पुन्हा बुरशीत का घातला असेल? विचार करून लिहा.