दोन पेशींमधली फट

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्या बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. या भेटीच्या जागेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. आपण तिला चेतासंधी म्हणू. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी हा विषय निवडला, कारण ही फट आमच्या जानेफळच्या शेतापर्यंत येऊन पोहोचते. कशी, ते पाहू.

शेरिंग्टनने नाव दिले, पण फट पाहिली नव्हती. तिची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतला एक. साध्या सूक्ष्मदर्शकाला इतके बारीक दिसत नाही. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवली. अलीकडच्या काठावर रसायनाने भरलेल्या पुड्याही दिसल्या. संदेश आला की पुडी फुटते, रसायन फट ओलांडते आणि पलीकडची पेशी जागी होते.

परंतु हे चित्र स्थिर असते. हालचाल समजावी म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर चेतासंधीची प्रतिकृती उभारतात. पुण्याच्या आयसर संस्थेतील डॉ. सुहिता नाडकर्णी यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २०१० मध्ये स्मृतीशी संबंधित चेतासंधीची अशी प्रतिकृती प्रसिद्ध केली. या संधींत संदेश येऊनही पुष्कळदा पुडी फुटतच नाही. ती कधी फुटते, याचे गणित अशा प्रतिकृतीतून मांडता येते.

आता शेताकडे वळू. मज्जातंतू आणि स्नायू भेटतात तिथेही अशीच संधी असते. तिथले रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. काम झाले की एक विकर त्याचे लगेच तुकडे करते. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके नेमके हे विकर बंद पाडतात. रसायन साचते; लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

माझे वडील दरवर्षी पऱ्हाटीवर फवारणी करतात. त्यांची अक्षरओळख बेताचीच, म्हणून डब्यावरची लाल खूण मी त्यांना समजावून सांगतो. आमच्याकडे या विषाला ‘औषध’ म्हणतात. मित्रहो, सुट्टीत घरी गेलात की एवढे सांगा : वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, तोंड-हात झाका, आणि त्रास होताच रिकामा डबा घेऊन दवाखाना गाठा. विष कोणते हे कळले, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.