तुमचं मूल गेम खेळतंय की गेमची फाइल वाचतंय?

‘दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेला असतो,’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी एवढंच विचारतो, की पडद्यावर काय असतं? बहुतेकदा उत्तर ‘गेम’ असं येतं आणि बोलणं वेळेच्या शिस्तीकडे वळतं. पण क्वचित एखादी आई सांगते, ‘गेम नाही हो, नुसते आकड्यांचे रकाने असतात. जुन्या गेममधला व्हिडिओ बाहेर काढायचाय म्हणते.’ असं मूल तुमच्या घरात असेल, तर रागवण्याआधी ते काय करतंय हे समजून घ्या.

गेमच्या दोन टप्प्यांमध्ये गोष्ट पुढे नेणारा छोटा चित्रपट लागतो, त्याला कटसीन म्हणतात. नव्वदच्या दशकात संगणक मंद होते आणि सीडीवर जागा मोजकी. त्यामुळे व्हिडिओ दाबून बसवण्याच्या खास रीती निघाल्या. अमेरिकेतल्या रॅड गेम टूल्स या कंपनीची १९९४ मधली ‘स्मॅकर’ ही त्यातली गाजलेली रीत. ‘वॉरक्राफ्ट २’ आणि ‘स्टारक्राफ्ट’चे कटसीन तिच्यात आहेत. फाइलच्या आतली रचना मात्र गुलदस्त्यात होती. ती बाहेरून निरखून, तर्काने उलगडायची, याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

सुरुवात बारावीच्या गणितात बसेल इतकी सोपी आहे. हेक्स एडिटर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, की पहिल्या चार बाइटमध्ये ‘एसएमके२’ ही अक्षरं दिसतात. पुढे समजा ४० ०१ ०० ०० असे चार बाइट आले. हे आकडे सोळा पाया धरून लिहिलेले, आणि लहान स्थानाचा बाइट आधी. म्हणजे पहिल्या बाइटचे ६४, दुसऱ्याचे २५६, बेरीज ३२०. ही चित्राची रुंदी! त्यानंतर उंची, मग फ्रेमची संख्या. पुढच्या, फ्रेमच्या वेळेच्या आकड्यापाशी मात्र मूल अडतं, कारण काही फाइलींमध्ये तिथे उणे ६६६७ अशी संख्या निघते. वेळ उणे कशी असेल? आकडा अधिक असेल तर तो एका फ्रेमचे मिलिसेकंद सांगतो. उणे असेल तर मोजमाप बदलतं आणि तो सेकंदाच्या एक लाखाव्या भागात वाचायचा. हिशेब केला की सेकंदाला १५ फ्रेम येतात.

खरा कस पुढे लागतो. प्रत्येक फ्रेमचा आकार नोंदवणारा एक तक्ता येतो. मुलं त्यांची बेरीज करून, फ्रेमच्या आधीचा भाग त्यात मिळवून फाइलच्या लांबीशी ताळा पाहतात आणि तो थोडासा चुकतो. कारण त्या आकड्यांच्या शेवटच्या दोन बिट आकार सांगतच नाहीत, त्या वेगळ्या खुणा आहेत. त्या काढून टाकल्या की ताळा जमतो. इथे तास न् तास बसणाऱ्या मुलाकडे चिकाटी आहे, आणि आपल्या तर्काची स्वतःच परीक्षा घेण्याची सवयही आहे. तक्त्याच्या पुढचं चित्र हफमन पद्धतीने दाबलेलं असतं. डेव्हिड हफमनने १९५२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही इंजिनिअरिंगच्या अभ्यासात शिकवली जाते. घरात हे करणारं मूल अभ्यासापासून दूर गेलेलं नाही, थोडं पुढे गेलंय.

आपल्या कन्नड तालुक्यातल्या वाचकांना ही विद्या परकी वाटू नये. पितळखोऱ्याची लेणी आपल्याच तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरात. तिथल्या चैत्याच्या एका खांबावर ब्राह्मी लेख आहे: पैठणच्या गांधी कुळातल्या मितदेवाने हा खांब दान दिला. ही लिपी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. १८३७ मध्ये इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे लेख शेजारी ठेवले. बहुतेकांचा शेवट त्याच अक्षरांनी होतोय हे त्याला दिसलं. देवस्थानी इतके लेख कशाचे असतील, तर दानाचे, असा तर्क त्याने केला आणि ‘दानं’ या शब्दातून उरलेली अक्षरं सुटत गेली. अनेक फाइली शेजारी ठेवून सारखं काय, वेगळं काय हे शोधणारी मुलगी हेच करत असते. तिला एकदा पितळखोऱ्याला घेऊन जा.

आता पोटापाण्याचं. नुसते कटसीन उलगडायची नोकरी जवळपास नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं. पण या कौशल्याची गरज असलेली कामं खूप आहेत. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे बंधू संजय पुण्यात कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमधले व्हायरस उलगडून त्यांनी त्यावर इलाज लिहिले आणि त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. व्हायरसबरोबर माहितीपुस्तिका येत नाही. तो बाइट वाचूनच समजून घ्यावा लागतो. दुसरं काम गुन्हे तपासातलं. सीसीटीव्हीचे अनेक डीव्हीआर आपापल्या खास रचनेत व्हिडिओ साठवतात. पुसलेलं चित्रण त्यातून परत मिळवणं हे कटसीन काढण्याच्या फार जवळचं काम आहे आणि त्यावर न्यायालयात एखाद्याचं आयुष्य अवलंबून असू शकतं. छत्रपती संभाजीनगरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथले डिजिटल फॉरेन्सिकचे अभ्यासक्रम जरूर पाहा.

‘हे बेकायदा तर नाही ना?’ हा प्रश्न रास्त आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेला प्रोग्रॅम कसा चालतो याचं निरीक्षण करायला आणि दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी, इतरत्र न मिळणारी माहिती काढायला मर्यादित मुभा आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतं. चोरून उतरवलेला गेमही नको. ही रेघ मुलाला पहिल्याच दिवशी दाखवा.

शिक्षणाची वाट अनेक अंगांनी जाते. दहावीनंतर पॉलिटेक्निक, बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इंजिनिअरिंग किंवा सरळ बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. अकरावीत गणित सोडू नये, एवढा माझा आग्रह आहे. पदवीनंतर सी-डॅकची सी-कॅट परीक्षा देऊन सिस्टीम आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. ‘महिन्यात हॅकर व्हा’ म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. जुना लॅपटॉप, पायथन, सी भाषा आणि अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये फुकट खुलं केलेलं ‘घिड्रा’ हे प्रोग्रॅम उलगडायचं साधन, एवढ्यावर दोन वर्षांचं शिक्षण होतं. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या खुल्या प्रोग्रॅममध्ये स्मॅकर उलगडणारा भाग अशाच हौशी माणसांनी लिहिला आणि तो आज कुणालाही वाचायला खुला आहे. मुलाने आधी स्वतः फाइल सोडवावी, मग तो कोड उघडून आपलं उत्तर ताडून पाहावं.

आणि एक वही ठेवायला सांगा. कोणता बाइट काय सांगतो, कोणता तर्क फसला आणि का, हे तारखेसह तिच्यात उतरलं पाहिजे. मुलाखतीत अशी वही समोर ठेवणाऱ्या उमेदवाराशी समोरचा माणूस गुणपत्रिका बाजूला सारून बोलायला लागतो.