कविता दुसऱ्याच्या तोंडून

मिरजेत आमची कवितेची बैठक महिन्यातून एकदा बसते, एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या माडीवर. त्यांना आम्ही सगळे ‘बाई’च म्हणतो, माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेले दोन काकासुद्धा. पहिलं वर्ष आम्ही एकमेकांना ‘वा!’ म्हणण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी खरं बोलायचं ठरलं, तेव्हा एक चांगला कवी चप्पल घालून निघून गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर हळूहळू एक पद्धत बसत गेली. कुणाला अशी बैठक सुरू करायची असेल तर उपयोगी पडेल म्हणून ती इथे लिहितो.

माणसं पाच ते आठ असावीत. नऊ-दहा झाली की दोघं बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. सगळ्यांनी कविता लिहायलाच हवी असं नाही. आमच्यात एक बँकेतले गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यात ओळ लिहिलेली नाही, पण त्यांनी ‘इथे मी हरवलो’ म्हटलं की आम्ही कान टवकारतो. एका बैठकीला चार कविता आणि प्रत्येकीला २५ मिनिटं. पाचवी घ्यायचा मोह होतो, पण तिच्या वाट्याला थकलेली माणसं येतात.

कविता कोणती आणायची? काल रात्री सुचलेली नको. निदान आठ दिवस तिला वहीत पडू द्या. ताज्या कवितेबद्दल कुणी काही बोललं तर ते आपल्यालाच बोलल्यासारखं लागतं. जिच्यातला एक शब्दही हलवायची आपली तयारी नाही, तीही आणू नका. ती पाहुण्यांना ऐकवा, ते कौतुकच करतील. बैठकीला आणायची ती जिच्यात कुठेतरी काहीतरी अडलंय, पण कुठे ते आपल्याला दिसत नाहीये, अशी.

ती एका कागदावर छापून घ्या. अक्षर मोठं, ओळींमध्ये दीडपट अंतर, उजवीकडे रुंद समास आणि दर पाचव्या ओळीपाशी आकडा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ‘ती चांदण्याची ओळ आहे ना, तिच्या खालची’ असं म्हणत शोधण्यात वेळ जातो. ‘ओळ ११’ म्हटलं की सगळ्यांची बोटं एका जागी येतात. फोनवर मजकूर म्हणून कविता पाठवू नका. लांब ओळ पडद्याच्या रुंदीनुसार मोडते आणि वाचणाऱ्याला वाटतं, कवीनेच ती तिथे तोडली. मुक्तछंदात ओळ कुठे मोडली यावर निम्मी कविता उभी असते. पाठवायचीच असेल तर पीडीएफ करून पाठवा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव अक्षरांत टाइप केलेल्या फाइलींनाही हेच लागू, नाहीतर समोरच्याच्या फोनवर नुसती चिन्हांची रांगोळी उमटते.

कागदाच्या मागच्या बाजूला कवीने एक प्रश्न लिहायचा, एकच. ‘तिसरं कडवं हवं का?’ किंवा ‘शेवट कळतो का?’ असा. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न चालत नाही. कागद शेवटपर्यंत उलटायचा नाही. ज्याला अभिप्राय नकोच असेल त्याने मागे ‘फक्त ऐका’ लिहून तसं आधीच सांगायचं. आमच्यातल्या एकीने बहीण गेल्यानंतर महिन्याभराने तिच्यावरची कविता आणली होती आणि आम्ही तिच्या विशेषणांवर बोलत बसलो होतो. ‘फक्त ऐका’ त्या संध्याकाळनंतर आलं. अशी कविता वाचून झाली की बाई उठून पाणी आणतात. कुणी काही म्हणत नाही.

आता मुख्य भाग. कविता पहिल्यांदा कवीने वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची, आणि तीही आधी चाळून न बघता, थेट.

हे सगळ्यांना जड जातं. आपल्याकडे कविता ‘सादर’ करायची सवय आहे. आधी प्रस्तावना (‘ही कविता मला एसटीत सुचली’), मग सूर, मग हात. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी, विशेषतः यशवंत आणि गिरीश यांनी, कविता गाऊन म्हणण्याची गोडी महाराष्ट्राला लावली. त्यात काही वाईट नाही. पण गळा चांगला असला की कमी पडलेली मात्रा आलापात जिरते आणि पोकळ ओळही भरीव वाटते. केशवकुमारांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मध्ये तेव्हाच्या कवींच्या लकबींची जी टर उडवली, तिची धार आजही कमी झालेली नाही. आपला आवाज कवितेच्या बाजूने खोटी साक्ष देतो. दुसऱ्याचा देत नाही. तो फक्त कागदावर आहे तेवढंच वाचू शकतो.

दुसरा वाचत असताना कवीने पेन्सिल घेऊन आपल्या प्रतीवर तीन खुणा करायच्या. वाचणारा अडखळला तिथे फुली, कवीच्या मनात नसताना थांबला तिथे उभी रेघ, भलत्याच शब्दावर जोर दिला तिथे गोल. एका कवितेत ‘नको म्हणालीस तू दिवा लावला मी’ अशी ओळ होती. कवीच्या मनात ‘तू’नंतर थांबा होता. वाचणारे काका ‘म्हणालीस’पाशी थांबले, पुढे ‘तू दिवा लावला’ असं वाचून गेले आणि शेवटचा ‘मी’ त्यांच्या हातात उरला. ओळ ‘तू’पाशी तोडली असती तर प्रश्नच नव्हता. पण कवीला तो थांबा स्वतःच्या डोक्यात इतका स्पष्ट ऐकू येत होता की तो कागदावर नाही हे त्याला दिसलंच नव्हतं. माझ्या मते या पाच मिनिटांत जे कळतं, ते नंतरच्या वीस मिनिटांच्या चर्चेतही कळत नाही. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण एवढं करा.

मग कवीने स्वतः वाचायची. प्रस्तावना नाही. दोन वाचनांत फरक कुठे पडला ते सगळे ऐकतात. त्यानंतर दोन मिनिटं शांतता. ज्या जागी कवितेने धरलं तिथे प्रत्येकाने आपल्या प्रतीवर सरळ रेघ मारायची आणि सुटलं तिथे नागमोडी.

बोलायची पहिली फेरी फक्त ‘मला काय दिसलं’ याची. चांगलं-वाईट नाही, सल्ला नाही. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडली’ हे शब्द आमच्याकडे बंद आहेत. जो म्हणेल त्याने पुढच्या वेळी भडंग आणायचं. या फेरीत कवी गप्प. गेल्या वर्षी एका तरुण मुलाने चार ओळी आणल्या होत्या:

बाबांची सायकल जिन्याखाली उभी आहे
हवा गेलेली, घंटी तशीच.
येता-जाता आई तिच्यावर
ओला नॅपकिन वाळत घालते.

सात जणांनी एकामागून एक सांगितलं, वडील गेलेत. एक काका तर हळहळलेसुद्धा. मुलाचा चेहरा लाल होत चालला होता. त्याचे वडील ठणठणीत, घरी पेपर वाचत बसलेले. फक्त गुडघ्यांमुळे सायकल सुटली होती. त्याला मधेच बोलू दिलं असतं तर त्याने खुलासा केला असता, आम्ही ‘हो का!’ म्हणालो असतो आणि कविता जिथे होती तिथेच राहिली असती. तो गप्प राहिला म्हणून त्याला कळलं की ‘तशीच’ या एका शब्दाने त्याच्या वडिलांना मारून टाकलं होतं. मराठी कवितेत मागे राहिलेली वस्तू ‘तशीच’ असली की माणूस गेलेलाच असतो, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय.

दुसरी फेरी प्रश्नांची. ‘सायकल जिन्याखालीच का? अंगणात का नाही?’ असे. उत्तर द्यायचं नसतं, कवीने फक्त प्रश्न लिहून घ्यायचे. ‘तुम्हाला असं नाही का वाटत की…’ ही प्रश्नाच्या वेषातली सूचना असते. ती बाई बरोबर पकडतात.

तिसरी फेरी कारागिरीची, आणि इथे कविता कोणत्या जातीची आहे ते बघून बोलावं लागतं. मुक्तछंदाला ‘लय नाही’ म्हणून झोडपण्यात अर्थ नाही. तिथे एकेक शब्द झाकून बघायचा, त्याच्यावाचून ओळ अडते का. वृत्तात लिहिलेली असेल तर मात्र मताचा प्रश्नच नाही, बोटावर मोजा. भुजंगप्रयातात लघू-गुरू-गुरू असे चार गट, एकूण १२ अक्षरं. ‘उन्हाच्या कडेने निघाली मुलेही’ ही ओळ बसते. ‘मुलेही’च्या जागी ‘माणसेही’ घाला, जीभ ठेचकाळते. कुणीतरी हमखास म्हणतं की ‘उन्हाच्या’मध्ये जोडाक्षर आहे, मग ‘उ’ गुरू नाही का? नाही. ‘न्ह’, ‘म्ह’ यांचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही. वाद मिटत नसेल तर माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ घरात ठेवा, आमच्या माडीवर ती उशाला असते. वृत्तात बसवायला ‘फूल’चं ‘फुल’ केलेलं दिसलं तर दाखवून द्या. करायचं की नाही ते कवी ठरवेल, पण ते चुकून झालेलं नसावं.

गझल आली की आणखी दोन गोष्टी. मतल्यात ‘घाव’ आणि ‘गाव’ हे काफिये घेतले असतील तर पुढे ‘जीव’ चालत नाही, कारण ‘व’ जुळला तरी त्याच्या आधीचा ‘आ’ हा स्वर, म्हणजे अलामत, तुटतो. आणि प्रत्येक शेर सुटा वाचून बघायचा, मागचा-पुढचा हाताने झाकून. एकटा उभा राहत नसेल तर तो गझलेतला शेर नव्हे, कवितेतली दोन ओळींची जागा आहे. सुरेश भटांनी नव्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. ती आधी वाचून आलेल्या माणसावर आमची बरीच मिनिटं वाचतात. उर्दूत उस्तादाने शागिर्दाची ओळ दुरुस्त करून द्यायची, इस्लाह करायची, रीत होती. आमच्यात उस्ताद कुणी नाही. म्हणून ओळ कुठे दुखतेय ते सांगायचं, आपली ओळ तिथे बसवून द्यायची नाही. अगदीच राहवलं नाही तर समासात पेन्सिलने एक शब्द लिहावा, मोठ्याने म्हणू नये.

शुद्धलेखनाच्या चुका मुळीच मोठ्याने वाचायच्या नाहीत. कागदावर खूण केली की पुरे. आणि बोलीला चूक समजायचं नाही. आमच्या एका मावशींनी ‘न्हाई’ लिहिलं होतं, ते कुणीतरी ‘नाही’ करून दिलं आणि ओळ शाळेच्या निबंधातली झाली. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती खानदेशच्या बोलीतच. अत्र्यांनी प्रस्तावनेत त्यांचं कौतुक केलं, भाषा घासूनपुसून दिली नाही.

शेवटी कागद उलटायचा, कवीचा प्रश्न वाचायचा आणि प्रत्येकाने एका वाक्यात उत्तर द्यायचं. गंमत अशी की बहुतेक वेळा तोपर्यंत प्रश्न जुना झालेला असतो. मग कवी ‘आभार’ म्हणतो आणि सगळ्या प्रती गोळा करतो. समर्थन नाही, खुलासा नाही. प्रती कवीकडेच जायला हव्यात. कविता बाहेर फिरायला लागली की नाव गळून पडतं आणि पु. लं.चं किंवा कुसुमाग्रजांचं चिकटतं, हे आपण रोज बघतो. शिवाय दिवाळी अंकाला अप्रकाशित कविता लागते.

कुणी दूर असेल तर व्हिडिओ कॉलवर घेता येतं. आमच्यातला एक शारजाहून असतो. त्याचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे त्याची दाद पुढच्या ओळीवर येऊन पडते. वाचन चालू असताना त्याने आवाज बंद ठेवायचा, एवढंच. थेट वाचायचं काम त्याच्याकडे आवर्जून द्यावं. दूरच्या माणसाला कवीचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून तो सावरून घेत नाही.

घरी गेल्यावर त्या रात्री काही करू नका. आठ दिवसांनी सगळ्या प्रती शेजारी शेजारी मांडा. एकाच जागी तिघांची नागमोडी रेघ असेल तर तिथे काहीतरी मोडलेलं आहे, मग त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं का असेना. एकट्याचीच असेल तर तो माणूस कोण ते बघा. आणि सगळ्यांनी एकाच ओळीखाली सरळ रेघ मारली असेल तर तिच्याकडेही जरा संशयाने बघा. कधीकधी ती ओळ इतकी चमकते की बाकीची कविता तिची पिशवी उचलून मागे चालत असते. जुना मसुदा फाडू नका, तारीख घालून ठेवा. ‘उन्हात’चं ‘सावलीत’ करून तीन महिन्यांनी परत ‘उन्हात’ केलेले कवी मला माहीत आहेत, त्यात मीही आहे.

सायकलवाला मुलगा तिसऱ्या महिन्यात तीच कविता घेऊन आला. ‘तशीच’ तसाच होता. खाली एक ओळ वाढली होती: बाबा खिडकीतून विचारतात, वाळला का? बाईंनी ती थेट वाचली, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात, आणि या ओळीपाशी हसल्या. मग पुन्हा वर जाऊन पहिली ओळ बघू लागल्या. मुलाने पेन्सिल खाली ठेवली होती.

राहिला चहा. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कवितेच्या मध्ये ठेवा. आधी दिला तर लोक गप्पांत रमतात, शेवटी दिला तर नियमाने दाबून ठेवलेले सगळे खुलासे कपाबरोबर बाहेर येतात. आणि पुढच्या महिन्याला कविता कुणी आणायच्या ते चपला घालायच्या आत ठरवून घ्या. नंतर फोनवर कुणी ‘मी’ म्हणत नाही.